हे माटे कोण?

निरंजन त्या दुकानात शिरला तो मोबाईलच्या कव्हरसाठी. महाळुंग्याच्या कंपनीला गुरुवारची सुट्टी, कासारवाडी स्टेशनबाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि काउंटरमागे एक मुलगी दातांत स्क्रूड्रायव्हर धरून लॅपटॉप उघडत होती. तिनं मान वर केली... आणि आपल्याही खोलीवर एक रखडणारा लॅपटॉप आहे, हे निरंजनला एकाएकी आठवलं.

त्यानं धावत जाऊन तो आणला.

"जुना आहे, विंडोज झेपत नाही याला. लिनक्स टाकते," ती मुलगी, नीला, म्हणाली. "त्यात वरचं रूप आपलं आपण निवडायचं. तुम्हाला कसं पाहिजे? हलकं की देखणं?"

"दोन्ही एकात... असतं का?" तिच्याकडे बघत त्यानं विचारलं.

"मी डेस्कटॉपचं विचारतेय," ती म्हणाली. पण गालात हसली.

तिनं एक्सएफसीई नावाचं हलकं रूप टाकून दिलं. पुढच्या गुरुवारी स्वारी हजर. "फारच साधं दिसायलंय हो." मग केडीई. "बटणंच बटणं! भ्याव वाटायलंय." मग ग्नोम. "खालची पट्टीच नाही. घर चुकल्यासारखं व्हायलंय."

खरं तर तिन्ही झकास चालत होती. दुखणं लॅपटॉपला नव्हतंच मुळी.

"यावर रोज करता तरी काय?" शेवटी नीलानं विचारलं.

"एक्सेल. आणि नांदेडला आईशी व्हिडिओ कॉल."

"हे आधी नाही का सांगायचं!" तिनं आणखी एक टाकलं. पडद्यावर एम, ए, टी, ई अशी अक्षरं आली. निरंजननं मनात वाचलं — मेट.

आणि इथंच घात झाला. मेट त्याला इतकं मानवलं, की आठवडाभर शोधूनही तक्रार सापडेना. आता कुठल्या तोंडानं जायचं? मनातलंच सांगून टाकू, असं ठरवून तो निघाला.

दारातच पाय थबकले. नीला फोनवर कुणा गिऱ्हाइकाशी बोलत होती. "माझं तर ठरलंय मॅडम, माटे! साधा आहे, जुन्या वळणाचा, खाणं कमी. देखणे खूप बघितले हो, त्यांचे नखरे कोण झेलणार? आता जन्मभर हाच."

निरंजनचा चेहरा उतरला. तिनं फोन ठेवला तसा तो कसाबसा म्हणाला, "अभिनंदन... हे माटे कुठल्या कंपनीत आहेत?"

"कंपनी कसली? फुकट मिळतो तो."

"म्हणजे... हुंडा नाही घेत?"

नीला बघतच राहिली. "अहो, तुमच्या लॅपटॉपवर काय टाकलंय मी?"

"मेट."

"त्यालाच माटे म्हणतात!"

ओढणीनं डोळे पुसावे लागेपर्यंत ती हसली. मग थांबली. "पण माझं लग्न ठरलं असं वाटून तुमचा चेहरा का पडला एवढा?"

निरंजन काउंटरजवळ सरकला. "लॅपटॉप ठणठणीत आहे. इथं यायला आता कारणच उरलं नाही. आणि... तुम्ही मला फार आवडता."

नीलानं उगाच दोन स्क्रू इकडचे तिकडे केले. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या.

"दुकान सातला बंद होतं," ती म्हणाली.

"म्हणजे... सातच्या आत यायचं?"

"सातच्या आत गिऱ्हाइकं येतात," नीला हळूच म्हणाली. "तुम्ही सातनंतर या."