गप्प म्हणजे पसंत नाही

चालत्या जीपमध्ये वही लिहिणाऱ्या मुलीकडे लोक एकदा तरी वळून बघतातच. शेजारचा तो मात्र थेट वहीतच बघत होता.

मी फाडकन वही मिटली. "दुसऱ्याचं वाचू नये, एवढंबी कुणी शिकवलं न्हाय का?"

"शिकवलंय की. पण या खड्ड्यांत तुमचं अक्षर असं उडायलंय... मराठी हाय का कानडी, तेवढंच बघत होतो."

मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखीच राग आला. लोहाऱ्याहून उमरग्याला मी रोज सकाळी याच जीपनं जाते. तिथल्या एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. हा शंभुलिंग. गुरांचा डॉक्टर, नवा बदलून आलेला, लोहाऱ्यात मावशीकडे राहणारा. एवढं सगळं त्यानं मी न विचारताच सांगून टाकलं.

"काय लिहिता एवढं?"

"दिवसभरात जे बोलायचं राहून गेलं, ते."

"मग लई जाड वही लागत असंल!" तो माझ्याकडे नीट बघत म्हणाला, "माझे पेशंट बोलत न्हाईत. डोळ्यांवरून ओळखावं लागतं. तुमचेबी डोळे तसेच –"

"मला म्हैस म्हणालात?"

"गाय म्हणणार होतो... तुम्हीच घाई केली."

त्या दिवशी दवाखान्यात मी विनाकारण हसत होते.

मग थंडी पडली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना करडई फुलली. तो माझ्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवायचा, आणि गार वाऱ्यानं मी शहारले की न बोलता काच वर ओढायचा. काच अर्ध्यावर अडकायची, तो जोर लावायचा, आणि त्याचं कोपर माझ्या शालीला निसटतं लागायचं. एवढंच. पण तेवढ्यावर माझा अख्खा दिवस निघायचा. मला तो आवडत होता. तसं मी वहीत लिहिलं. फक्त वहीतच.

आणि मग तुळजापूरचं स्थळ आलं. मुलाचं स्वतःचं लॉज, माणसं तालेवार. चहा झाला, आणि मुलाच्या काकांनी रीतीप्रमाणे विचारलं, "पोरी, तुला काय विचारायचंय का?" मी मान खाली घालून बसले. आमच्याकडे मुलगी गप्प म्हणजे पसंत! मी पायाच्या अंगठ्याकडे बघत होते तोवर माझ्या वडिलांनी, अप्पांनी, रविवारी सुपारी फोडायचं ठरवूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये मी वहीवर रडले. शंभुलिंगनं काय झालं ते विचारलं, मी सांगितलं. पहिल्यांदाच त्याला काही गंमत सुचली नाही.

"तुम्हाला... पसंत हाय?"

"न्हाय."

"अप्पांना माहिताय हे?"

"त्यांनी ओळखायला नको?" मी चिडलेच.

तो बाहेर बघत हळूच म्हणाला, "गुरांचं ओळखावं लागतं, राजेश्वरी. माणसानं सांगावं लागतं."

एवढा राग आला मला त्याचा! त्याच तावातावात, दुपारी डबा खाताना, मी वही पहिल्या पानापासून वाचून काढली. अप्पांवर राग, दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांवर राग, दर स्टॉपला 'ताई, सरका जरा' म्हणणाऱ्या ड्रायव्हर धनाजीवर राग. पानंच्या पानं. आणि यातलं एक वाक्यही त्या त्या माणसाच्या कानावर गेलेलं नव्हतं. मला वाटायचं, लिहून मी मन मोकळं करते. मी तर ते नीट घडी घालून ठेवत होते! माझं मलाच हसू आलं. मग नवीन पान उघडून वर लिहिलं – 'यातलं कुणाला, कधी सांगणार?'

संध्याकाळी परतताना धनाजी म्हणाला, "ताई, सरका जरा."

"न्हाय सरकणार. जागाच न्हाय."

धनाजी म्हणाला, "बरं." बस, एवढंच! जग बुडालं नाही.

त्याच जोरावर घरी गेले. "अप्पा, मला तुळजापूरचं स्थळ पसंत न्हाय."

अप्पांचा घास हातातच राहिला. "अगं, मग तवाच का बोलली न्हाईस?"

"माझं चुकलं. पण तुम्ही तरी उत्तराला कुठं थांबलात, अप्पा?"

अप्पा ताटावरून उठले, हात धुतले आणि तुळजापूरला फोन लावला. फोन ठेवून म्हणाले, "मनात कोण दुसरं हाय का?"

"हाय. पण त्याला अजून सांगितलं न्हाय."

"आणि मला आधी सांगतीस व्हय?" अप्पांना हसावं की रागवावं कळेना. शेवटी हसले.

सकाळी शंभुलिंग खिडकीची जागा धरून बसला होता, पण मान खाली घालून. "अभिनंदन... उद्या सुपारी ना?"

"मोडली. मीच मोडली." "आणि अप्पांना सांगितलंय, मला एक गुरांचा डॉक्टर आवडतो."

अख्ख्या जीपनं माना वळवल्या. शंभुलिंगचे कान लालबुंद.

"मग... संध्याकाळी मावशीला घेऊन येतो. अप्पांकडं रीतसर मागणी घालतो."

"नको. आधी मला विचारा. आणि उत्तराला थांबा."

त्यानं घसा खाकरला. सगळ्यांदेखत, सरळ माझ्या डोळ्यांत बघत विचारलं, "राजेश्वरी, माझ्याशी लग्न करशील?"

आणि तो थांबला.

"हो!"

एवढ्या मोठ्यानं, की धनाजीनं गचकन ब्रेक मारला. "कोण उतरायलंय?"

"कुणी न्हाय," मी म्हणाले. "चला पुढं!"