अठ्ठावीस दात

“पिल्लाची आई पाहिलीत का?”

ती दचकून वळली. जनावरांच्या दवाखान्यातल्या बाकावर एक उंच, विस्कटलेल्या केसांचा माणूस बसला होता आणि त्याच्या पायांशी एक भलीमोठी सोनेरी कुत्री पसरली होती. आपण तर काउंटरवरच्या बाईंना इतकंच विचारत होतो, की उद्या नवं पिल्लू आणलं तर लस कधी द्यायची. यात या माणसाला नाक खुपसायचं काय कारण?

“फोटो पाहिलाय,” ती म्हणाली. “उद्या मार्केटच्या पार्किंगमध्ये पिल्लू घेऊन येतोय विकणारा.”

“पार्किंगमध्ये!” तो असा काही ओरडला, की कुत्रीनेही डोकं वर केलं. “अहो, पार्किंगमध्ये गाड्या लावतात. पिल्लं घेत नाहीत!”

“तुम्ही कोण?”

“मी ब्रीडर. आणि ही आई.” त्याने कुत्रीच्या कानामागे खाजवलं. “हिची पाच पिल्लं आहेत घरी. तीन आठवड्यांची.”

ब्रीडर म्हटल्याबरोबर तिच्या कपाळाला आठी पडली. गेल्या वर्षी अशाच एका गोडबोल्याकडून तिने पिल्लू घेतलं होतं. ‘ठणठणीत आहे ताई, डोळे झाकून घ्या!’ तिने डोळे झाकूनच घेतलं. पाचव्या दिवशी त्याने तिच्या मांडीवरच प्राण सोडला, आणि विकणाऱ्याचा फोन तेव्हापासून बंद. पुन्हा कुणावर विश्वास ठेवायचा नाही, असं तिने ठरवलं होतं. पण मनाला पिल्लाची ओढ लागली की ठरवलेलं कोण लक्षात ठेवतं!

“मला खोटं बोलणारी माणसं चालत नाहीत,” तिने फटकन सांगून टाकलं.

“मग रविवारी या. आई बघा, जागा बघा, तपासण्यांचे कागद बघा. नाही पटलं तर चहा पिऊन जा.” तो हसला. त्याचा डावा सुळा जरासा वाकडा होता. दिवसभर लॅबमध्ये कवळ्या घडवणारी ती. तिला माणसाचे आधी दातच दिसायचे. हा वाकडा सुळा मात्र तिला सरळ करावासा वाटला नाही.

रविवारी तिने डॉक्टरांना विचारून अकरा प्रश्न लिहून नेले. त्याने अकराच्या अकरा उत्तरं दिली, कागद पुढे ठेवले आणि मग स्वतःचे बावीस प्रश्न काढले. दिवसभर घरी कोण असतं? मावशी, ती घरीच शिवणकाम करते. जिने किती? एकच. लग्न होऊन दुसरीकडे गेलात तर कुत्र्याचं काय?

“हे सगळ्यांना विचारता?”

“सगळ्यांना...” त्याचे कान लाल झाले. “म्हणजे, आजपासून.”

त्याचा नियम साधा होता. पिल्लू आठ आठवडे आईजवळ राहणार, एक दिवसही कमी नाही. तोवर घेणाऱ्याने दर रविवारी यायचं, पिल्लाला आपल्या वासाची सवय लावायची. सगळ्यात शेवटी जन्मलेली ‘पाचवी’ पहिल्याच दिवशी तिच्या बुटावर डोकं ठेवून झोपून गेली, आणि तिथेच सौदा पक्का झाला.

मग काय, रविवार कसे उजाडायचे आणि कसे मावळायचे, कळायचंच नाही! दोघं मिळून फरशी पुसत, स्वयंपाकघरातल्या काट्यावर पिल्लांचं वजन करत. पाचवी ताटलीतून निसटायची, दोघांचे हात एकदम पुढे जायचे आणि एकमेकांवर पडायचे... पाचवी केव्हाच टेबलाखाली पसार झालेली असायची.

“कुत्र्याला भेटायला कुणी केस धुऊन, इस्त्री करून जातं का गं?” मावशी सुई ओवता ओवता विचारायची.

“पिल्लाला स्वच्छता लागते, मावशी!”

“हो, पिल्लालाच!”

आठवा आठवडा भरला. ती टोपली घेऊन गेली. तो म्हणाला, “वजन जरा कमी वाटतंय. पुढच्या रविवारी न्या.” काटा तिच्या डोळ्यांसमोर होता, पाचवी पाचही पिल्लांत सगळ्यात जड भरली होती. तरी ती फक्त “बरं” म्हणाली, आणि आठवडाभर कवळ्या घासताना गुणगुणत राहिली.

पुढच्या रविवारी बाकीची चारही पिल्लं आपापल्या घरी गेलेली होती. आणि हा म्हणतो, “दात... सगळे आलेले नाहीत अजून.”

दात! तेही तिच्यापुढे! तिने पाचवीला मांडीवर घेतलं, जबडा हलकेच उघडला आणि बोट फिरवत मोजले. पुरे अठ्ठावीस. एकही कमी नाही.

गेल्या वर्षीचं ते निपचित पडलेलं पिल्लू डोळ्यांपुढे उभं राहिलं.

“काय लपवताय? आजारी आहे का ही? खरं सांगा!”

“नाही, नाही! अगदी ठणठणीत...”

“हा शब्द नको!” तिने त्याला मध्येच तोडलं.

त्याचा चेहरा पडला. त्याने कपाटातून पाचवीची फाइल आणून तिच्या हातात दिली. डॉक्टरांनी मागच्या आठवड्यातच लिहून दिलं होतं: तब्येत उत्तम, नव्या घरी पाठवायला हरकत नाही.

“मग?”

“मग काय... ही गेली की तुमचे रविवारही जाणार.” तो जमिनीकडे बघत होता. “बारा वर्षांत एकही पिल्लू जास्त दिवस ठेवलं नाही मी. पण तुम्ही आवडता मला. फार आवडता. ते सरळ सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून या बिचारीच्या दातांवर ढकललं. चुकलो.”

तिला चिडायचं होतं. खूप चिडायचं होतं! पण पाचवी बरी होती, आणि छातीत असं काही धडधडत होतं, की राग कुठे ठेवला तेच सापडेना.

“मागच्या रविवारी काटा मीही पाहिला होता,” ती हळूच म्हणाली.

“मग बोलला का नाहीत?”

“एक रविवार जास्त मिळत होता ना...”

त्याने मान वर केली. तो वाकडा सुळा दिसला आणि तिचे गाल तापले.

“पण यापुढे खोटं नाही. अगदी प्रेमापोटीसुद्धा नाही,” तिने बजावलं. “मी आधीच्या पिल्लासाठी फार रडलेय.”

“नाही बोलणार.”

“आणि पाचवी आजच घरी येणार.”

“आजच,” तो म्हणाला. त्याने पाचवीला आईच्या पांघरुणात गुंडाळलं आणि गाडीपाशी येऊन थबकला. “गाडी तुम्ही चालवणार, मग हिला धरणार कोण? पहिला प्रवास मांडीवरच हवा. बरोबर कुणी नाही आलं?”

“मावशी येते म्हणाली होती.”

“मग?”

“मी नको म्हटलं.”

कळायला त्याला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा त्याने घरात भावाला हाक मारून कुत्री त्याच्या हवाली केली आणि पायातल्या सपातांसकट गाडीत येऊन बसला. पाचवी त्याच्या मांडीवर जांभई देऊन पसरली. तिने किल्ली फिरवली.

“सावकाश चालवा,” तो म्हणाला.

“पिल्लू घाबरेल म्हणून?”

“नाही,” तो म्हणाला. “घर लवकर येईल म्हणून.”