झालं, उठा

चिकलठाण्यात जालना रोडला लागून असलेल्या ‘संघपाल फोटो’च्या पाटीवर आता ‘अभय फोटो’ रंगवलं होतं. रंग इतका पातळ, की खालून जुनं नाव डोकावत होतं. रंगातसुद्धा चिक्कूपणा!

मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मला चीड येते, त्यामुळे हे सांगताना माझीच मला लाज वाटते.

“तनुजाताई, नवी एसएसडी टाका,” अभय म्हणाला. “मशीन तिच्यावरून सुरू झालं पाहिजे. जुनी हार्ड डिस्क नुसती फोटो साठवायला. पण आधी कोरी करा. त्याचं काही नको तिच्यात.”

त्याचं म्हणजे संघपालचं. दुकान दोघांचं होतं. उन्हाळ्यात पाटी पुसताना संघपाल शिडीवरून पडला आणि जागीच गेला. शिडी खाली अभयनं धरली होती. फोन आला म्हणून सोडली, असं तो सांगतो. कुणाचा फोन, विचारलं की चिडतो.

मशीन सुरू होताना वाजायला संघपालनं स्वतःचाच आवाज भरून ठेवला होता. “या, बसा. मान वर. हलू नका.” मग जरा थांबून, “झालं, उठा.” फोटो काढतानाही तो हेच म्हणायचा. पासपोर्ट फोटोला आलेली पोरं खरंच ‘उठा’ ऐकल्याशिवाय उठायची नाहीत. तेवढा आवाज त्याची बायको सुकेशनी मागत होती, लेकीला ऐकवायला. डिस्क जळाली, असं अभयनं तिला सांगितलं होतं. माझ्यासमोर डिस्क ठणठणीत होती. माझं डोकंच फिरलं.

“तिला खोटं का सांगितलंत?”

“तुमी काम करा ना ताई. त्याचा आवाज मला नाय पायजे इथं.”

कोरी करायच्या आधी आवाज उतरवून घ्यायचा, असं मी मनाशी ठरवलं. जुन्या डिस्कच्या दोन्ही वायरी काढून ती टेबलावर ठेवली. विंडोज टाकताना असंच करतात, नाहीतर सुरू व्हायच्या फायली जुन्या डिस्कवर जाऊन बसतात. एसएसडीवर विंडोज टाकलं. नाव दिलं ‘अभय’. मशीन पुन्हा सुरू केलं.

पडद्यावर आलं, ‘संघपाल’.

माझीच चूक असणार. सगळं पुसून परत टाकलं, या वेळी एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत.

‘संघपाल’.

“मजाक करू नका, ताई,” अभय म्हणाला.

नव्या एसएसडीला हे नाव ठाऊक असायचं कारणच नव्हतं. मी जुनी डिस्क हातात घेतली. ती गरम होती. आत तबकडी फिरत होती, आणि वायर एकही नव्हती.

अभयनं ती हिसकावली. “फोडतोच हिला,” म्हणत डोक्यावर उचलली.

“या, बसा.”

स्पीकरची काढलेली पिन माझ्या पायाशी पडली होती.

अभय निळ्या पडद्यापुढच्या स्टुलावर बसला. डिस्क त्यानं अलगद मांडीवर ठेवली.

“मान वर.”

हनुवटी वर गेली. डोळे मात्र माझ्याकडे वळले. “ताई, फोन आलाच नव्हता. मी मुद्दाम...”

“हलू नका.”

तोंड उघडंच राहिलं.

मी ‘उठा’ची वाट पाहत राहिले. आवाज पुन्हा आलाच नाही.

डॉक्टर झटका आला म्हणतात. खाटेवरही तो तसाच असतो, मान वर, डोळे उघडे.

डिस्क मी सुकेशनीला नेऊन दिली. तिच्या लॅपटॉपला जोडली, आवाज लावला. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. अभयनं शेवटी काय म्हटलं तेही मी सांगितलं. मग म्हणाले, “दवाखान्यात नेऊन पूर्ण ऐकवू या का त्याला? कदाचित उठेल.”

तिनं डोळे पुसले. आवाज परत पहिल्यापासून लावला.

“या, बसा. मान वर. हलू नका.”

तिनं तिथंच थांबवला.

“लेकीला एवढाच ऐकवते मी रोज,” ती म्हणाली, आणि पुढचा तुकडा कापून पुसून टाकला.