तिसऱ्या हाकेला ओ

बोलून सांगता आलं असतं तर बरं झालं असतं, पण लिहूनच सांगते.

गेल्या चैत्रात सकाळी मी मेथी निवडत बसले होते. तेवढ्यात अंबडच्या मिथुन सरांचा मेसेज आला. हे सर गावोगाव फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायचे. "शालूताई, माझं चॅनल आज दुपारी एकला बंद करून राह्यलो. सोनूबाईंच्या ओव्या तुमच्यापुरत्या डाउनलोड करून घ्या. माझ्याकडं दुसरी कॉपी न्हाई."

सोनूबाई म्हणजे माझी आई. तिला जाऊन दोन वर्षं झाली. तिचा आवाज जगात त्या एकाच ठिकाणी उरला होता, अकरा मिनिटं आठ सेकंद. मी रोज ऐकायचे, पण उतरवून ठेवायचं कधी सुचलं नाही. तहान लागल्यावर विहीर खणायची, हा माझा जुना स्वभाव.

घनसावंगीतल्या आमच्या घरात रेंज जावयासारखी, आली तर आली. मी गच्चीवर पळाले. मोबाइलात जागाच नव्हती. भाच्याच्या लग्नाचे सगळे व्हिडिओ उडवले. माफ कर रे बाबा! चाळीस टक्के... सत्तर... मग ते गोल नुसतं फिरत राहिलं. मी टाकीला टेकून सगळ्या देवांना हाका मारल्या. एकला पाच कमी असताना फाइल उतरली आणि मी बेचाळीस वर्षांची बाई टुणकन उडाले.

"काय करून राह्यलीस गं उन्हात?" खालून माझ्या सासू नंदाबाई ओरडल्या.

"आई घावली, आत्याबाई!"

लगेच लावलं. जात्याची घरघर, आणि त्यावर आई...

सरलं दळन, सुपात उरलं पाच दानं
सांगते बाई तुला, लेकीवाचून सुनं गानं

शेवटी सर "झालं" म्हणाले. रेकॉर्डिंग नेहमी इथंच संपायचं. आज घरघर थांबली नाही.

"शाले..."

माझ्या अंगावर काटा आला, पण आनंदाचा. फाइल अकरा मिनिटं वीस सेकंदांची दिसत होती. चॅनलवर ऐकताना शेवट कापला जात असेल, असं वाटलं. शेवट पुन्हा लावला.

"शाले... शाले..."

आता हाका दोन होत्या. आईनंच लहानपणी शिकवलं होतं, भर दुपारी हाक आली तर लगेच ओ देऊ नये. दोन हाका कुणाच्याही असतील, तिसरी माणसाचीच. मी ओठ घट्ट मिटले आणि पुन्हा लावलं.

नंदाबाई जिन्यात आल्या होत्या. "बंद कर ते, शालू. आई गेली हाय तुझी..."

"शाले... शाले..." जातं थांबलं. मी श्वास धरला. "शाले, ये गं."

तिसरी! माझीच आई! मी जीव तोडून ओरडले, "ओ, आई!"

नंदाबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं, बोल की. नुस्तं तोंड काय हलवून राह्यलीस?"

पाच महिने झाले. जालन्याचे डॉक्टर म्हणतात, घसा बिलकुल बराबर आहे. फाइल आता बावीस मिनिटांची झाली आहे. तिच्यात दोघी दळतात, एक ओवी आईची, एक माझ्या आवाजातली. खरं सांगते, ऐकताना मला भीती वाटत नाही. मन नाचतं. ती फाइल माझ्यानं उडवली जाणार नाही.

पण काल दुपारी शेवटी नवीनच काही आलं. माझ्या आवाजात एक हाक.

"आत्याबाई..."

आज मी फाइल लावलीच नव्हती. मोबाइल फळीवर होता. तरी हाक आली, दोनदा. नंदाबाईंना अक्षर वाचता येत नाही. मी हातवारे केले तर त्या हसल्या. हे कुणीतरी त्यांना वाचून दाखवा, जल्दी. कारण आत्ता त्या स्वयंपाकघरातून हरखून विचारत आहेत,

"शालू, आवाज आला का गं तुझा?"