चालत्या माणसाच्या वेगानं

किटली ठेव स्टोव्हवर, कॅलम, आणि ते दार लाव. धुकं आत येतंय. फोन वाजेपर्यंत इथं बसायचंच आहे, तर सांगतो. पण जेस, मध्येच फिदीफिदी हसायचं नाही. हे नेव्हिलच्या बाबतीत घडलंय आणि मी त्याच्याच तोंडून ऐकलंय. नेव्हिल मनाचं काही रचणार नाही. तेवढं डोकंच नाही त्याला.

गेल्या नोव्हेंबरातली बारा तारीख. बुधवारची रात्र. आज तुम्ही करता तेच काम, मोटरसायकलवरून इस्पितळात रक्त पोचवायचं, फुकट, स्वतःची झोप मोडून. दीडच्या सुमाराला फोन आला. माळापलीकडच्या छोट्या इस्पितळात एक बाई बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. तिथला साठा संपत आलेला. दिवसभराच्या पावसानं खालचा मोठा रस्ता पाण्यात गेलेला. राहिला माळावरचा रस्ता. नेव्हिलनं लाल पेटी मागच्या रॅकवर अडकवली, उरलेला चहा घशात ओतला आणि निघाला.

आता थोडं अर्नीबद्दल. अर्नी मेटकाफनं इकडच्या निम्म्या लोकांना गाडी शिकवली. मलाही. रविवारी सकाळी, गुरांच्या बाजाराच्या रिकाम्या आवारात. म्हणायचा, "वेगात काय, कुठलंही माकड चालवेल. हळू चालवून दाखव."

हसू नकोस, कॅलम, तुलाही जमत नाही ते. चालत्या माणसाच्या वेगानं जाऊन बघ. इंजिन हिसके देतं. थ्रॉटल सोडलास की गचकन मागं ओढतं, किंचित दिलास की उडी मारतं. चेन खडखडते, आणि शेवटी सगळं बंदच पडतं. अर्नी म्हणायचा, "त्याला ओढायला काही नाही, म्हणून ते पिसाळतं. काम दे त्याला." क्लच अर्धा धरायचा, थ्रॉटल थोडा देऊन ठेवायचा आणि मागचा ब्रेक हलका दाबायचा. मग चेन ताणलेली राहते, आवाज खाली बसतो आणि गाडी शहाण्या बैलासारखी चालते.

नवख्याला तो ब्रेक साधत नाही. म्हणून अर्नी स्वतः गाडीच्या डाव्या बाजूनं चालायचा, मागच्या सीटचा दांडा धरायचा आणि गाडी मागं ओढून ठेवायचा. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं तरुणपणीच चेननं खाल्लेली. पण उरलेल्यांची पकड सांडशीची! "मी चालतोय. मला मागं टाकलंस तर नापास." थांबवायचं असलं की ओरडायचा नाही. दांड्यावर दोन थापा. त्या पडल्या की थांबायचं. का म्हणून विचारायचं नाही.

नेव्हिल पहिल्या खेपेला नापास झाला होता. घाई, दुसरं काय.

त्या रात्रीच्या सात महिने आधी, एप्रिलमध्ये, आम्ही अर्नीला पुरलं. शवपेटीमागून सगळे गाड्यांवर, त्याच्याच वेगानं. एकाचंही इंजिन बंद पडलं नाही. मी रडलो. लपवत नाही.

तर नेव्हिल माळावर चढला आणि धुक्यात शिरला. आधी थोडं दिसत होतं. मग फक्त कडेची पांढरी रेघ. मग तीही गेली. दिव्याचा उजेड समोर भिंतीसारखा उभा राहिला. वेग कमी करत करत तो पायी चालण्यावर आला आणि इंजिनानं छळायला सुरुवात केली. हिसका. उडी. बंद. पुन्हा चालू केलं. पुन्हा बंद. इंजिनाचा पंखा घोंघावायला लागला, मांड्या भाजायला लागल्या. दोन्ही पाय रस्त्यावर घासत तो गाडी रेटत होता. डोक्यात एकच गोष्ट. ती बाई.

आणि मग इंजिन शांत झालं.

बंद नाही पडलं. शांत झालं. आवाज खाली बसला. चेनची खडखड थांबली. ताणली गेली चेन, जशी ब्रेक दाबल्यावर ताणली जाते.

नेव्हिलनं खाली पाहिलं. उजवा पाय ब्रेकवर नव्हता. रस्त्यावर होता.

त्याला वाटलं, चढ असेल... चढ नव्हता.

त्यानं थ्रॉटल वाढवला. इंजिन गुरगुरलं. गाडी तेवढीच चालली. आणखी वाढवला. क्लचचा जळका वास आला. वेग तोच. चालत्या माणसाचा.

डाव्या बाजूला, पंख्याच्या आवाजाखाली... बूट. जड. एकापाठोपाठ एक. रस्त्यावर.

त्यानं मान वळवली नाही. मला म्हणाला, "मानच वळेना रे."

"सोड!" तो ओरडला. "बाई मरतेय तिकडं! सोड मला!"

गाडी तशीच मागं ओढलेली.

फक्त बूट...

तो रडत होता. भीतीनं नव्हे, रागानं. आपण पोचणार नाही म्हणून. त्यानं थ्रॉटल पिळायला मनगट वळवलं...

धप. धप.

दांड्यावर.

हातानं आपणहून क्लच दाबला. गाडी थांबली. पोरांनो, असं शिकवलेलं अंगात मुरतं. नेव्हिलनं इंजिन बंद केलं. पंखाही गप्प झाला. तेव्हा त्याला पाणी ऐकू आलं.

समोर. खाली.

टॉर्च मारला तर पुढच्या चाकापासून हातभरावर रस्ता संपला होता. ओढ्यावरचा पूल वाहून गेला होता. इंजिनाच्या आवाजात पाण्याचा आवाज कळणं शक्यच नव्हतं. थोडाही वेग असता तर नेव्हिल, गाडी आणि ती पेटी, सगळं ओढ्यात.

मग त्यानं पेटी डोक्यावर घेतली आणि ओढ्यात उतरलेल्या शेताच्या दगडी कुंपणाला धरून छातीभर पाण्यातून पलीकडं गेला. ओढ्यापलीकडं वेंडी अल्डरसनचं शेत. तिनं दार उघडलं, हे काकडणारं ध्यान पाहिलं, एक कचकचीत शिवी दिली आणि जीपमधून त्याला इस्पितळात नेलं. बाई वाचली. मुलगी झालीय तिला, चांगली गुटगुटीत.

अर्नी होता का? मला काय विचारतेस, जेस? मी तिथं नव्हतो.

मी सकाळी गेलो, गाडी आणायला, ट्रेलर घेऊन. धुकं तसंच होतं. गाडी पुलाच्या तोंडाशी उभी. टाकी, सीट, आरसे, सगळं दवानं निथळत होतं. मी फडकं काढून पुसायला घेतलं. पुसत पुसत डाव्या बाजूला आलो, मागच्या दांड्यापाशी...

तिथं एवढीशी जागा कोरडी होती. वर अंगठ्याएवढी. खाली दोन बोटांएवढी. मी हात लावला. कोमट होती.

ट्रेलरवर चढवेपर्यंत गाडी पुन्हा भिजली. मी पुन्हा पुसली.

तेवढी जागा मात्र पुसावी लागली नाही.