उजवीकडचं पेडल

नेहेमियाचा मोटारींवर विश्वास होता, माणसांवर बेताचाच. मुंबईत बसच्या डेपोत त्याची उमेदीची वर्षं गेली. माणूस खोटं बोलेल, ब्रेक कधी बोलणार नाही, असं त्याचं ठाम मत होतं, आणि हे मत तो न विचारता कोणालाही ऐकवायचा.

चौसष्ट सालच्या उन्हाळ्यात तो इस्रायलमध्ये, अरादला राहत होता. गाव नवंकोरं. दगडगोट्यांच्या पठारावर एकसारखी पांढरी घरं, आणि खडूसारखी धूळ, जी भाकरीच्या पिठातसुद्धा उतरायची. नेहेमियाचं घर शेवटच्या ओळीत होतं. घराला लागून पत्र्याची शेड, आणि शेडच्या दारापासूनच रस्ता मृत समुद्राकडे उतरायला लागे. पहिलं वळण घरातून दिसायचं. वळणापलीकडे काही दिसत नसे, कारण तिथे कडाच होता.

शेडमध्ये मोटार उभी होती. नेहेमिया आणि मलका यांचा एकुलता मुलगा योएल खाली कारखान्यात कामाला होता. तिथल्या एका इंग्रज इंजिनियराने परत जाताना सुट्या भागांची खोकी त्याला विकली. जोडत जायचं की मोटार तयार, वर फायबरग्लासचं हलकं अंग. विलायती गाडी, तेव्हा स्टिअरिंग उजवीकडे. योएलने ते पेडलांसकट डावीकडे आणलं, आणि उजवीकडे राहिलेल्या भोकांवर नेहेमियाने स्वतःच्या हाताने पत्रा ठोकून रिव्हेट मारले. आता फक्त मागचे ब्रेक राहिले होते. ते झाले की दुपारी योएल गाडी घेऊन खाली जाणार होता, एदनाला दाखवायला. एदना म्हणजे त्याची होणारी बायको. ब्रेक मात्र बापच बसवणार, ही बापाची अट होती. त्या उतारावर पोराला दुसऱ्याच्या भरवशावर सोडायची नेहेमियाची छाती नव्हती.

ड्रमचे ब्रेक त्याने डोळे मिटून बसवले असते. हे प्रकरण नवं होतं. चाकामागे लोखंडी थाळी, आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा धरणारा कॅलिपर. थाळी बरोबर मधोमध फिरायला हवी. केसभर इकडेतिकडे झालं की एक बाजू घासत राहते, तापते. आणि उतारावर तापलेला ब्रेक म्हणजे नसलेला ब्रेक.

डावा कॅलिपर सरळ बसला. उजव्याने छळ मांडला. पातळ पत्र्याच्या चकत्या एक घाल, एक काढ, असं करताना नेहेमियाचे हात भरून आले. शेवटी वजन एका हातावर तोलून त्याने दुसऱ्या हाताने बोल्ट चाचपले, ते मिळेनात, आणि तो वैतागून लोखंडालाच म्हणाला, “धर की जरा!”

कॅलिपर राहिला. नेहेमियाने सुटकेचा श्वास टाकला, घाम पुसला, फटीत मापाची पाती घालून पाहिली. दोन्हीकडे सारखी. असं माप त्याला उभ्या जन्मात साधलं नव्हतं. मग कूस बदलताना खिशात काही टोचलं म्हणून त्याने हात घातला. दोन्ही बोल्ट खिशात होते.

त्याने कॅलिपर हलवून पाहिला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला, पाय लावून ओढला. शेडचा पत्रा तापून कडकड वाजत होता, तेवढाच आवाज.

“सोड,” तो हळूच म्हणाला.

कॅलिपर त्याच्या मांडीवर पडला.

कुठेतरी अडकला असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. शहाण्या माणसाला असं समजावणं फार सोपं जातं. त्याने बोल्ट पिळले, पुन्हा माप घेतलं आणि मलकाला हाक मारली. नळ्यांतली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकाशी नट उघडून बुडबुडे बाहेर काढायचे.

मलका ओले हात पुसत आली. “काय करायचं ओ?”

“गाडीत बस. दाब म्हटलं की ब्रेक दाबायचा. सोड म्हटलं की सोडायचा. आपल्या मनाने काही करायचं नाय.”

“माझ्या मनाने मी कधी काय केलंय?” असं म्हणत ती बसली.

नेहेमिया मागे आडवा झाला. “दाब.”

“दाबलं.”

नळीतून तेल बाटलीत आलं. बुडबुडे आले, फुटले. “सोड.”

“सोडलं.”

काम झरझर झालं. मलकाचा पाय इतका नेमका पडत होता की डेपोतल्या जुन्या सोबत्यांचाही पडला नसता. तेल स्वच्छ आलं तेव्हा नेहेमिया खूश होऊन उठला. “फस्क्लास, मलका! डेपोत असतीस तर...”

मलका उजवीकडच्या सीटवर बसली होती. मुंबईत ड्रायव्हर उजवीकडे बसतो. ती सवयीने तिथेच बसली होती.

“काय झालं?” ती म्हणाली. “असे बघताय काय? दाबलं ना मी बरोबर?”

“काय दाबलंस?”

“पेडल. खाली अंधारात दिसत नव्हतं, पण पायाला लागलं.” तिने वाकून खाली पाहिलं. “फक्त ऊबदार कसं हो होतं?”

नेहेमियाने खाली हात घातला. त्याने ठोकलेला पत्रा, त्याचे रिव्हेट. दुसरं काही नव्हतं. पत्रा गार होता.

मलकाला सांगावं लागलं नाही. ती गाडीतून उतरली आणि दाराच्या चौकटीवर लावलेल्या, धर्मवचनांच्या मेझुझाला हात लावून तिने बोटं ओठांना टेकवली. “एलियाहू हन्नाबीला मलिदा बोलते,” प्रेषिताला नवस पुटपुटून ती नवऱ्याला म्हणाली. “आज पोराला जाऊ देऊ नका.”

योएल आला तो शीळ घालतच, हातात एक छोटी डबी घेऊन. नेहेमिया त्याला म्हणाला, “आज राहू दे. ब्रेक परत उतरवतो.”

“लामा?” योएलला मराठी समजायचं, उत्तर तो हिब्रूत द्यायचा. का? धरत नाही का?

“धरतोय.”

“नू?” योएल हसला. मग अडचण काय?

आयुष्यभर ज्याने भुताखेतांच्या गोष्टी हसण्यावारी नेल्या, त्याची जीभ पोटच्या पोरासमोर उचलेना. याची त्याला तिथेच, उभ्या उभ्या लाज वाटली.

योएलने गाडी बाहेर काढून उतारावर उभी केली. दार उघडं टाकून, दोन्ही पाय रस्त्यावर ठेवून तो आडवा बसला आणि मलकाने आणलेला चहा पिऊ लागला.

नेहेमियाने पाहिलं. योएलचे दोन्ही पाय बाहेर होते. हँडब्रेकचा दांडा खाली होता. इंजिन न्यूट्रलमध्ये गुरगुरत होतं. त्या उतारावर पेरूसुद्धा ठरला नसता. गाडी जागची हलत नव्हती.

“योएल, उतर,” तो म्हणाला.

“रेगा, अब्बा.” एक मिनिट.

नेहेमिया ओरडला नाही. तो एक शब्द चुकून तोंडातून जाईल, या भीतीने त्याने दात घट्ट मिटले आणि चाकाखाली घालायला लाकडाचा ठोकळा आणायला तो शेडमध्ये वळला.

मागून मलकाचा आवाज आला. पोराला बोलण्यात गुंतवून ठेवायचं म्हणून ती विचारत होती, “त्या डबीत काय रे घेतलंस एदनाला?”

हिब्रूत सोद म्हणजे गुपित. मलकाला ते ठाऊक होतं, नेहेमियालाही ठाऊक होतं. गाडी धरून बसलेल्याला मात्र मराठीच कळत होतं.

“सोद, इमा!” योएल हसत म्हणाला.

खडी करकरली.

नेहेमिया ठोकळा टाकून धावला. योएलने पाय आत ओढले होते, दार फडफडत होतं. गाडी वळणाकडे निघाली होती.

“दाब!” नेहेमिया ओरडला. “दाब! दाब!”

“दाबतोय, बाबा!” योएल ओरडला, लहानपणीसारखा, मराठीत. “खाली जात नाही! पेडलखाली कुणाचा तरी पाय आहे!”