आधीच पोचलेली बाई

बसा, तुमचा नंबर यायला अवकाश आहे. याच बाकावर बसणाऱ्या एका इंग्रजीच्या बाईंची गोष्ट सांगतो. खोटी वाटली तर खुशाल उठून जा.

बाई तुमच्यासारख्याच. परदेशातल्या शाळेत नोकरी लागलेली, करार हातात, वय एकोणचाळीस. चाळिशीनंतर ती शाळा कुणाला घेत नाही, म्हणजे ही शेवटचीच संधी. घरी एकटी आई. इथं बसून लोकांचे व्हिसाचे फॉर्म मी भरतो, त्यांचाही मीच भरला. 'यापूर्वी त्या देशात गेला होतात का?' तिथं 'नाही' लिहिलं.

खिडकीतला साहेब स्क्रीनकडे बघून म्हणाला, "बाई, तुम्ही बारा तारखेला तिकडे उतरलात. अजून परतला नाहीत. तिथं असलेल्या माणसाला व्हिसा कसा देऊ?"

"अहो, मी तुमच्यापुढं उभी आहे!"

"ते दिसतंय हो," म्हणाला आणि पुढचा नंबर पुकारला.

काहीतरी घोळ असेल म्हणत बाई घरी गेल्या. चप्पल काढतायत तोवर आतून आईचा आवाज. "पोचलीस ना गं सुखरूप? थंडी फार आहे का?" लेक दारात दिसली, तशी म्हातारी गांगरली. कानाला लावलेला फोन पुढं केला.

"आई, जेवलीस का?"

आवाज बाईंचाच. आधी घसा खाकरायची खोडसुद्धा.

मग दर रविवारी दुपारी फोन. शाळेचं पत्रही आलं, मुलं तुमच्यावर खूश आहेत. बाई चिडल्या की आई म्हणायची, "ती जेवणाचं विचारते तरी. घरात असून तू कधी विचारलंस?"

एकदा बाईंनी फोन ओढूनच घेतला. "एकदा इकडे येऊन जा ना. म्हणजे मला व्हिसा मिळेल."

तिकडचीला रडू फुटलं. "किती खेटे घालू गं? इथले खिडकीवाले म्हणतात, तुम्ही तर घरीच आहात."

मागच्या महिन्यात आई गेली.

रविवारी फोन वाजला.

"आई, जेवलीस का?"

बाईंनी डोळे मिटले. आवाज आईसारखा थकवला.

"जेवले गं."

अजून तेच चाललंय. दर सोमवारी इथं येऊन सांगतात मला.

तुमच्या करारावर त्याच शाळेचं नाव वाचलं मी. एवढं करा. स्टाफरूममध्ये घसा खाकरून बोलणाऱ्या एक बाई भेटतील. त्यांना बाजूला घ्या आणि आई गेली म्हणून सांगा. इकडच्या बाईंच्यानं सांगवत नाही.